शिजल्याचा वास

२ सप्टेंबर १९७३

वीडा,

पाकीट फोडल्यावर वास आला तर नाक दाब आणि पुढे वाच. कागद लेव्हर्न मावशीचा आहे, पेन चर्चमधलं आहे, पण हात माझे आहेत, आणि त्यांच्यापुढे साबणाने केव्हाच हार मानली आहे. तुझा पत्ता मावशीनेच दिला. "ॲक्रनला असते, टायरच्या कारखान्यात, ऑफिसात बसून काम. केस कापलेत," म्हणाली. सहा वर्षांत तुझी मला मिळालेली बातमी ही एवढी.

भांडण उकरून काढायला बसलेली नाही. एकदाच आठवण करून देते आणि मग तो विषय बंद. आईला पुरून आलो त्या संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून आपण दोघींनी ठरवलं होतं, की डॅडींजवळ एक वर्ष नेल्डाने राहायचं, पुढचं वर्ष वीडाने, असं आळीपाळीने, कुणा एकीच्या गळ्यात नको. पहिली पाळी मी मागून घेतली. मी अठराची होते, मला वाटलं आधी उरकून टाकलेलं बरं. माझी अक्कल बघ. झाला, विषय बंद.

आता कामाचं. तू होतीस तेव्हा हॅचरीतला उबवणीचा कचरा खड्ड्यात पुरायचे, आठवतं का? फुटकी टरफलं, न उबलेली अंडी, अंड्यातच मेलेली पिल्लं आणि टोपल्याच्या टोपल्या नर पिल्लं. अंडी देणाऱ्या जातीतले नर, म्हणजे अंडी तर नाहीतच आणि अंगावर मांसही चढत नाही. डॅडी त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणायचे, "मांस पुरतात, अंडी पुरतात, आणि कोंबड्यांना घालायला समुद्रातून मासे आणतात. शहाणी माणसं!" आता ते पुरत नाहीत. बंद पडलेल्या एका डेअरीतून डॅडींनी वाफेची मोठी टाकी आणली, तिला आत फिरणारं वल्हं बसवलं, आणि हे सगळं तिच्यात शिजवून, वाळवून, दळून त्याची भुकटी करतात. ब्रॉयलरच्या खाद्यात घालायची भुकटी. टाकीला आम्ही कुकर म्हणतो. कुकरपाशी डॅडी असतात असा गावाचा समज आहे. कुकरपाशी मी असते.

यंदा पेरूच्या समुद्रात मासळीच लागली नाही म्हणे. मासळीची पूड महागली, पाठोपाठ सोयापेंडही, आणि आपल्याला पिल्लं आणि खाद्य पुरवणाऱ्या कंपनीला अचानक हॉइट सॅटरफिल्डची, म्हणजे आपल्या डॅडींची, आठवण झाली. याच महिन्यात आपल्या दोन्ही शेडमध्ये पिल्लं पडतील. रस्त्याकडच्या शेडला नेहमीचं खाद्य, ओढ्याकडच्या शेडला मासळी काढून आपली भुकटी घातलेलं. आठ आठवड्यांनी वजनं. या चाचणीत खरे उतरलो तर कंपनी कुकर चालवायला घेईल आणि आपला माणूस बसवेल. डॅडी मला म्हणाले, "त्या दिवशी तू मोकळी. शब्द देतो." ते शब्द सहसा देत नाहीत, त्यामुळे मोडायची त्यांना सवय नाही.

मोकळी होऊन कुठे जाणार, असं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. हॅचरीत मिसेस ओगाता येतात. एका दिवसाचं पिल्लू हातात घेतात, उलटं करून अंगठ्याने दाबतात, एक नजर, आणि नर इकडे, मादी तिकडे. बोलता बोलता. पुढच्या आठवड्यात अलाबामात, त्याच्या पुढच्या आठवड्यात टेनेसीत, स्वतःची गाडी, कुणाच्या बापाची ताबेदारी नाही. त्यांनी मला एक दिवस बाजूला बसवलं, माझी बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "हे शिकवणारी पेनसिल्व्हेनियातली शाळा जानेवारीत सुरू होते. मी चिठ्ठी देते. पण याच जानेवारीत. पंचविशी उलटली की बोटं शिकत नाहीत." मार्चमध्ये मला पंचवीस पूर्ण होतात.

उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

नेल्डा

२३ सप्टेंबर

वीडा,

पिल्लं आली. दोन्ही शेडमध्ये गॅसच्या शेगड्यांखाली पिवळे गालिचे पसरलेत. ओढ्याकडच्या शेडमध्ये पहिला डबा मीच ओतला. पिल्लांनी एकदा टोच मारली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खायला लागली. त्यांना कुणी सांगितलेलं नाही की आपण काय खातोय, आणि मीही सांगितलं नाही.

डॅडींच्या अंगात वारं शिरलंय. कंपनीचा ग्रेडी प्रुइट दर मंगळवारी फेरी मारतो, त्याला ते कुकरपाशी उभं करून भाषण देतात. "शिजवणं ही सगळी गंमत आहे, ग्रेडी. कच्चं राहिलं तर रोगराई. जास्त झालं तर प्रथिनं कागदावर दिसतील, कोंबडीच्या अंगी लागणार नाहीत. मधली एक वेळ असते. ती नाकाला कळते." आणि खरंच कळते. आधी भिजलेल्या कुत्र्यासारखा वास येतो, मग पिसं पोळल्यासारखा, आणि मग एका क्षणी, पुढे करपायला लागायच्या आत, आई थँक्सगिव्हिंगला चुलीतून पावाचं खरपूस ड्रेसिंग काढायची ना, तसा. त्या क्षणी वाफ तोडायची. डॅडींनीच मला शिकवलं. आता मात्र ते वल्ह्याच्या दांड्याला हात लावून मलाच विचारतात, "काय म्हणतोय?" मी म्हणते, "झालं." मग ते ग्रेडीकडे बघून मान हलवतात, जणू मी परीक्षेत पास झाले.

मागच्या रविवारची गंमत ऐक. कुकरवरचा कोट अंगात तसाच ठेवून डॅडी चर्चला आले. आमच्या पुढचे दोन बाक आणि मागचा एक बाक पाहता पाहता रिकामे झाले. हॅझेल बाईंनी तर रुमाल नाकाला लावून पूर्ण प्रवचन ऐकलं. डॅडी घरी येताना म्हणाले, "आज हजेरी फारच कमी होती." मला हसू आवरेना. मग वाटलं, सहा वर्षांत चर्चमध्ये माझ्या शेजारी येऊन कोण बसलंय, आणि हसू आवरलं.

मिसेस ओगातांनी काल माझ्या हातात एक पिल्लू दिलं. "काय आहे?" मी म्हटलं मादी. त्यांनी पाहिलं, ते नरांच्या टोपलीत टाकलं, आणि संध्याकाळी ती टोपली माझ्याचकडे आली. टोपलीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचंय मला, एवढंच.

नेल्डा

१४ ऑक्टोबर

वीडा,

या पत्रात दोन गोष्टी आहेत. पहिली सगळ्या काउंटीला माहीत आहे.

तिसऱ्या आठवड्यात ओढ्याकडची पिल्लं बसायला लागली. उभी राहायची, दोन पावलं टाकायची आणि गुडघ्यांवर बसायची. विष्ठा पांढरी. ग्रेडी आला, टोपी मागे सारून म्हणाला, "हॉइट, मला वाईट वाटतंय, पण तुझी भुकटी लागू पडत नाहीये." डॅडी डब्याशी वाकले. त्यांनी खाद्याची चिमूट उचलून तोंडात टाकली आणि चावत राहिले. मग थुंकून म्हणाले, "खडू." तसेच गाडी काढून फीड मिलवर गेले, मी शेजारी.

मिलवरचा रूफस चांगला माणूस आहे. त्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की या खाद्यात चुनखडी घालायची नाही, कारण भुकटीत इतकी टरफलं असतात की कॅल्शियम आधीच हवं त्याहून जास्तच. डॅडींनी विचारलं, "घातलीस?" रूफस म्हणाला, "नाही." मग त्याने मिक्सरपाशी पाहिलं, तिथे चुनखडीची रिकामी गोणी पडलेली. बिचारा पांढरा पडला. "हॉइट, देवाशपथ, हात आपोआप गेला. मका, सोया, चुनखडी, मका, सोया, चुनखडी. माझ्या बापाचाही हात असाच जायचा." डॅडी चिडले नाहीत. म्हणाले, "नवीन लॉट कर, आणि हात खिशात घालून कर." खाद्य बदललं, आणि हळूहळू पिल्लं उठली. काही उठली नाहीत, ती कुकरमध्ये आली.

मला त्या दिवशी डॅडींचा अभिमान वाटला, हे तुला सांगून टाकते. आणि एक गोष्ट तुलाही खटकली असेल. त्यांनी चिमूट तोंडात का टाकली? ज्या माणसाने दारातून आत पाऊल टाकताच सांगावं की कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये एक अंडं सडलंय, तो खाद्य आधी नाकाला लावतो.

दुसरी गोष्ट कुणालाच माहीत नाही. त्याच्या आदल्या आठवड्यातली आहे, पण तेव्हा मी तुला लिहायला धजावले नाही. मी पहाटेचं पाणी घालायला ओढ्याकडच्या शेडचं दार उघडलं आणि गॅसच्या वासाने मागे फेकली गेले. आत डॅडी शेगडीपाशी वाकलेले. "विझली वाटतं ही," म्हणत त्यांनी खिशातून काडेपेटी काढली होती. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, काडी हातात. मी नळी बंद केली, दोन्ही दारं उघडली, आणि ते म्हणाले, "सर्दी झालीय थोडी."

त्यांना सर्दी नव्हती, वीडा. फेब्रुवारीत त्यांना तो मोठा ताप आला होता, त्यातून ते उठले, त्यांचं नाक उठलं नाही. चर्चमधला कोट, हिरवं पडलेलं सॉसेज खाऊन "मसाला बरा आहे" म्हणणं, वल्ह्याला हात लावून मला "काय म्हणतोय?" विचारणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून एका रांगेत गेलं. मी त्या दारातच उभी राहिले, थोडी काडीमुळे, पण जास्त याच्यामुळे.

त्यांना कळलंय की मला कळलंय का, ते मला कळत नाही. आम्ही त्यावर बोलत नाही. या घरात ज्यावर बोलत नाही त्या गोष्टींत तुझ्या शेजारी आता हेही जाऊन बसलंय.

नेल्डा

१८ नोव्हेंबर

वीडा,

जिंकलो. ओढ्याकडच्या कोंबड्या रस्त्याकडच्यांपेक्षा वजनात तसूभरही मागे नाहीत, खाद्यही तेवढंच खाल्लं, तेही मध्ये खडू खाऊन. विद्यापीठाचा एक माणूस आपल्या राज्यातल्या अथेन्सहून आला होता, तो मान हलवत राहिला. ग्रेडीने डॅडींच्या पाठीत थाप मारली. लेव्हर्न मावशीने त्याच कोंबड्यांतली एक तळून आणली आणि सगळ्यांनी खाल्ली. कुणी म्हणालं, "कोंबडीसारखीच लागते." मी मागच्या पायरीवर जाऊन मोठ्याने रडले. वाटलं, सुटले.

सोमवारी कंपनीने ड्यूई नावाचा माणूस पाठवला, कुकर शिकायला. तिशीतला, दोन मुलांचा बाप, मन लावून काम करणारा. पण वासाने त्याच्या पोटात ढवळायचं, म्हणून तो नाकाखाली बाम चोपडून यायचा. आता चित्र डोळ्यांसमोर आण. शिकवणाऱ्याला वास येत नाही, शिकणाऱ्याने नाकाला बाम फासलाय, आणि दोघं कुकरवर वाकून मोठमोठ्याने श्वास घेताहेत. "आलं का लक्षात?" डॅडी विचारतात. "येस सर," ड्यूई म्हणतो. त्या दिवशी मला मुद्दाम गावात पाठवलं होतं. परत आले तर सगळा घाणा कोळसा.

दुसऱ्या दिवशीचा कच्चा राहिला. तिसऱ्या दिवशी ड्यूईने बाम लावला नाही आणि दोन वेळा बाहेर जाऊन ओकून आला.

ग्रेडी भला आहे, त्याने सोपा उपाय काढला. "हॉइट, एक थर्मामीटर बसवू आणि एक घड्याळ. नेल्डाने दोन-चार घाणे काढावेत, आपण आकडा लिहून घेऊ. मग नाकाची भानगडच नको." डॅडी म्हणाले, "माझ्या कुकरला ताप आलेला नाही." सगळे हसले. मी नाही हसले, कारण माझ्या सुटकेची किल्ली ग्रेडीच्या तोंडून बाहेर पडली होती आणि डॅडींनी ती हसण्यावारी ओढ्यात फेकली.

रात्री जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "वसंतापर्यंत थांब. ड्यूईला जमत नाहीये."

"तुम्ही शब्द दिला होता, डॅडी."

"दिला होता."

"शाळा जानेवारीत आहे."

"पुढच्या वर्षीही असेल."

"माझी बोटं नसतील."

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि बटर पुढे सरकवलं. त्यांना माझी गरज आहे म्हणून ते थांबवत असते तर मी भांडले असते. ते मला थांबवताहेत कारण मी गेले तर आठवड्याभरात काउंटीला कळेल की हॉइट सॅटरफिल्डचं नाक गेलं. आपल्याकडे माणसाजवळ काहीतरी एक असतं. कुणाजवळ जमीन, कुणाजवळ गळा. डॅडींजवळ नाक होतं.

ग्रेडीला मी सांगू शकते. एका वाक्याचं काम आहे. परवा तो पुन्हा आला, जाताना गाडीत बसला, काच खाली केली, "काही सांगायचंय का, नेल्डा?" म्हणाला. मी म्हटलं, "टायरमध्ये हवा कमी आहे."

चाचणी हरलो असतो तर डॅडींनी पुढच्या वर्षी पुन्हा मांडली असती, आणि मी इथेच. जिंकलो, आणि मी इथेच. मला कुणी बांधून ठेवलेलं नाही, दाराला कडीसुद्धा नाही. मी रोज सकाळी आपल्या पायांनी कुकरपाशी जाते.

नेल्डा

९ डिसेंबर

वीडा,

तुझं कार्ड मिळालं. मागचं चित्र छान आहे. टायर कंपनीचं ते फुग्यासारखं विमान, खाली ॲक्रन. सहा वर्षांनी तीन वाक्यं: बस गाठ. मागे वळून बघू नकोस. मीही तेच केलं.

तुला मागे वळून बघावं लागलं नाही, कारण मागे मी होते! हे तुझ्या लक्षात कधीच आलं नाही का? तू निघालीस तेव्हा डॅडींच्या घरात दिवे लावायला कुणीतरी होतं, म्हणून तुझी बस सुटली. मी वळून पाहिलं नाही तर मागे कोण आहे? एक म्हातारा, दोन शेड, गॅसच्या नळ्या आणि त्याच्या खिशातली काडेपेटी. मी रोज पहाटे त्यांच्या आधी उठून शेडमध्ये जाते आणि नुसता श्वास घेते. माझ्या दिवसाचं पहिलं काम काय, तर श्वास घेणं. हसलीस तरी चालेल.

मला तुझा राग येतो, वीडा. इतकी वर्षं येतोय, आणि त्यात तू परत यावीस असंही वाटत राहतं, त्याचा आणखी राग येतो. ये ना. एकच वर्ष. तुझी पाळी आहे. तुझं नाक शाबूत असेल, टायरचा वास काही कुकरपुढे टिकणारा नाही. एका दिवसात शिकशील. मी शिकून परत येईन, नाही आले तर मावशीला सांगून माझी चपलांनी पूजा कर.

मिसेस ओगाता परवा शेवटच्या आल्या, आता उन्हाळ्यापर्यंत नाहीत. शाळेची चिठ्ठी माझ्या ॲप्रनच्या खिशात घातली. मी म्हटलं, "नाही जमणार." त्या म्हणाल्या, "मी जमेल का असं विचारलेलं नाही." त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मग कुकरमध्ये वल्हं अडकलं आणि डॅडींनी हाक मारली.

नेल्डा

३० डिसेंबर

प्रिय वीडा,

तू आली नाहीस. येणार नाहीस हे माहीत होतं, तरी नाताळच्या आठवड्यात बस थांबायची तेव्हा मी दोनदा खिडकीशी गेले.

आज खोटं बोलायचं ठरवूनच मी चर्चला गेले, त्यामुळे प्रार्थना कोणती झाली ते विचारू नकोस. दुपारी जेवायला बसलो. पावासारखी गरम, मऊ बिस्किटं, पांढरी ग्रेव्ही, टर्निपचा पाला. कुत्रा टेबलाखाली, टिप त्याचं नाव, तू त्याला पाहिलेलं नाहीस. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "डॅडी, मला वास येईनासा झालाय."

त्यांचा काटा थांबला. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून असेल. आधी वाटलं सर्दी आहे."

"सर्दी," ते म्हणाले. त्यांनी काटा खाली ठेवला. "मग शिजलं म्हणून कोण सांगत होतं?"

"मीच. अंदाजाने. वल्हं जड झालं की, वाफेचा रंग बदलला की. घाबरून तुम्हाला सांगितलं नाही."

"आणि वजनं भरली."

"भरली."

यातलं वजनांचं तेवढं खरं होतं. माझं नाक ठणठणीत आहे, वीडा. ग्रेव्हीत मिरी जास्त पडलीय हे मला चुलीपासूनच कळलं होतं. पण मला दुसरी वाट दिसत नव्हती. त्यांना एकट्याला कबूल करता येत नव्हतं, तर म्हटलं आपण सोबत बसावं.

ते उठले आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत एक अंडं होतं. कुकरपाशी हॅचरीचे क्रेट पडलेले असतात, त्यातलं. टरफलावर राखाडी घाम फुटलेला, आत काळंभोर. असलं अंडं ओळखायला नाक लागत नाही, डोळे पुरतात. त्यांनी बशी माझ्या ताटाला लावून ठेवली आणि अंडं तिच्यात फोडलं.

तू हॅचरीत वाढलीस. तुला सांगायला नको.

टिप उठला. शेपूट पायांत घालून दाराशी गेला आणि रडायला लागला. डॅडींनी दार उघडून त्याला बाहेर सोडलं, पण नजर माझ्यावरच. मी बिस्किटाचा तुकडा तोडला, ग्रेव्हीत बुडवला, खाल्ला.  डोळे भरतील म्हणून मी बटरच्या भांड्यावरच्या निळ्या फुलाकडे बघत बसले. दुसरा तुकडा. तिसरा.

"ग्रेव्ही कशी झालीय?" त्यांनी विचारलं.

"मीठ जरा कमी आहे."

"अजून एक बिस्किट घे."

मी घेतलं. वर मधही घेतला. श्वास घेतला नाही तर त्यांना कळेल म्हणून नाकाने सावकाश, भरून श्वास घेतला, अगदी रोज पहाटे घेते तसा. सहा वर्षांत मी या घरासाठी पुष्कळ केलं, पण ते एक बिस्किट मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग सिंकवरच्या खिडकीपाशी गेले. ती खिडकी आईच्या वेळेपासून रंगाने चिकटलेली आहे. त्यांनी तिला तळव्याने दोन-तीन धक्के दिले, चौकट करकरली आणि डिसेंबरचा गार वारा भस्सकन आत आला. माझ्याकडे पाठ करून ते तिथेच उभे राहिले. पाठीमागून मला त्यांचे फक्त खांदे दिसत होते, आणि ते मला पूर्वीपेक्षा लहान वाटले.

"मग तू माझ्या काय कामाची?" ते म्हणाले. "जा तुझ्या त्या पिल्लांच्या शाळेत."

आणि फोन उचलला. "ग्रेडी, हॉइट बोलतोय. रविवार आहे हे मला माहीत आहे. तुझी ती काचेची कांडी घेऊन ये, आणि घड्याळ. कारण? कारण आमच्या घरात कुणाला वास येत नाही. हो. पोरीला नाही." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मलाही नाही. फेब्रुवारीपासून." पलीकडे ग्रेडी काय म्हणाला कोण जाणे. डॅडी म्हणाले, "ते जाऊ दे. सोमवार-मंगळवार पोरीचे हात मोकळे आहेत, तोवर ड्यूईला पाठव, आकडा लिहून घेऊ दे. आणि रोज सकाळी शेडमधल्या गॅसला नाक लावायला कुणीतरी लागेल. बाम न लावता."

फोन ठेवून त्यांनी ती बशी उचलली आणि बाहेर घेऊन गेले.

माझी बस बुधवारी आहे. सामान म्हणजे आईची बॅग आणि मिसेस ओगातांची चिठ्ठी. तुला आता इथे यायची गरज नाही. पण त्यांना पत्र लिही. त्यांना वास येत नाही, वाचता येतं.

भांडी घासताना मला एकदम सुचलं, आणि तेव्हापासून भांडी तशीच पडलीत. मघाशी जेवताना टिप तर बाहेर गेला होता. डॅडींना वास येत नाही. मलाही येत नाही, असं मी त्यांना सांगितलेलं होतं, आणि ते पटावं म्हणून त्या बशीशेजारी बसून सगळं बिस्किट संपवलं होतं. मग त्यांनी ती खिडकी कुणासाठी उघडली, वीडा?

तुझी बहीण,
नेल्डा